पोलादाची साक्ष : जुनं कोल्ट कसं ओळखावं

नमस्कार, श्रोतेहो.

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, हार्टफर्ड शहरात, कोल्ट कंपनीनं १८७३ साली एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. सिंगल ॲक्शन आर्मी हे त्याचं नाव. काऊबॉयच्या सिनेमात नायकाच्या कमरेला जे लटकत असतं ते बहुधा हेच, तेव्हा ते तुमच्या नजरेखालून गेलेलं आहे. १९४० पर्यंत ते बनत राहिलं. सुमारे ३,५७,००० नग निघाले. आज जगभरचे संग्राहक त्याच्या मागे आहेत, आणि एकाच वर्षी, एकाच छपराखाली तयार झालेल्या दोन नगांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो.

हा फरक कशामुळे पडतो, आणि तो जन्मजात आहे की नंतर कुणी पैदा केलाय, हे कसं ओळखायचं, त्याबद्दल मला बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कुठलीही एक खूण पुरेशी नसते. नळी, चक्र, क्रमांक, शिक्के, मुठीचं लाकूड या सगळ्यांनी एकमेकांची साक्ष दिली पाहिजे. त्यातला एकही साक्षीदार फितूर झाला, तर खिशात हात घालायचा नाही.

हातात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे चक्रातली सहाही घरं रिकामी आहेत ना, ते पाहणं. दीडशे वर्षांचं झालं तरी ते हत्यार आहे. त्या काळातले जाणते लोक सहा घरांत पाचच काडतुसं भरायचे आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवायचे. घोड्याला बसवलेलं टोक थेट काडतुसाच्या बुडाला भिडायचं, आणि हत्यार हातातून निसटून पडलं तर बार उडायचा, म्हणून ही काळजी.

घरं रिकामी असल्याची खात्री झाली की अंगठ्यानं घोडा सावकाश मागे घ्यायचा, आणि कान द्यायचा. निरोगी नगात चार ठोके स्पष्ट, वेगवेगळे ऐकू येतात. एखादा ठोका गायब असेल, किंवा दोन ठोके एकात एक मिसळले असतील, तर आतली खाच झिजली आहे किंवा कुणीतरी कानस चालवली आहे. रेडिओवरून दाखवता येत नाही असं या विषयात पुष्कळ आहे, पण ही एक खूण मात्र कानाचीच आहे.

आता क्रमांक. तो तीन ठिकाणी सापडतो : सांगाड्याच्या तळाला, चापाभोवतीच्या कड्यावर आणि मुठीच्या बुडाशी असलेल्या पट्टीवर. तिन्ही जुळले की बनण्याचं वर्ष साधारण कळतं. मात्र नवखे लोक नेमके इथेच फसतात. क्रमांक लहान म्हणजे नग पहिल्या वर्षाचा, असं ते धरून चालतात. कोल्टनं १८७५ ते १८८० या काळात ४४ कॅलिबरच्या रिमफायर काडतुसासाठी वेगळे नग बनवले. कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, आणि रिमफायर म्हणजे ज्या काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आघात झाला की बार होतो ते. या नगांची क्रमवारी स्वतंत्र होती, एकपासून सुरू झालेली, आणि अठराशेच्या थोडी पुढे जाऊन संपलेली. त्यामुळे ९०० क्रमांकाची दोन कोल्ट असू शकतात : एक लष्करासाठी बनलेलं, दुसरं दोनएक वर्षांनंतरचं रिमफायर. दुसरं फार कमी सापडतं, आणि धड अवस्थेत तर त्याहून कमी, कारण पुढे अनेकांनी त्यांत फेरफार करून बुडाच्या मध्यावर आघात लागणारी साधी काडतुसं चालतील अशी सोय करून घेतली. म्हणून क्रमांक वाचल्यावर लगेच घोड्याचं टोक पाहायचं. ते कडेवर पडतं की मध्यावर?

क्रमांकानंतर सांगाडा. चक्र ज्या आसावर फिरतं तो आस सुरुवातीच्या नगांत पुढच्या बाजूनं तिरक्या घातलेल्या एका स्क्रूनं धरलेला असे. काळ्या दारूचा सांगाडा म्हणून संग्राहक ओळखतात तो हाच. १८९६ च्या सुमारास तो स्क्रू गेला आणि त्याच्या जागी आडवी, स्प्रिंगवर दाबली जाणारी खिटी आली. बिनधुराच्या, म्हणजे जास्त दाबाच्या नव्या दारूची हमी कंपनीनं १९०० पासून दिली. जुन्या सांगाड्याला संग्राहकांकडून मागणी जास्त, पण तो आधुनिक काडतुसांचा दाब सोसण्यासाठी घडवलेला नाही. ते जतन करायचं, त्यातून बार काढायचा नाही. याबाबत मी कुणाचंही ऐकून घेणार नाही.

नळीवर कंपनीचा पत्ता कोरलेला असतो. अगदी सुरुवातीच्या नगांवर ही अक्षरं तिरपी, हस्ताक्षरासारखी आहेत, नंतर सरळ झाली. साडेसात इंची नळीवर पत्ता एका ओळीत येतो, पावणेपाच इंची नळीवर दोन ओळींत. पावणेपाच इंची नळीवर लांब पत्त्याचा अर्धाच तुकडा दिसला, तर ती नळी कापलेली आहे, पुढे बोलायलाच नको. लंडनमार्गे विकल्या गेलेल्या काही नगांवर १४, पॉल मॉल, लंडन हा तिथल्या दुकानाचा पत्ताही असतो. मग त्यावर ब्रिटिश चाचणीचे शिक्केही हवेत. रिकामी काडतुसं ढकलून काढायच्या दांड्याचं टोकही पाहायचं. १८८० च्या आसपासपर्यंत ते गोल, मध्ये भोक असलेलं आहे, नंतर चंद्रकोरीसारखं झालं. १८७५ सालच्या नगाला चंद्रकोर दिसली, तर दांडा बदललेला आहे. एवढ्यानं नग खोटा ठरत नाही, किंमत मात्र उतरते.

आता लष्करी नगांकडे येतो, कारण माझा जीव खरा यांच्यात अडकलेला आहे.

अमेरिकन सैन्यानं १८७३ मध्ये पहिली मागणी ८,००० नगांची नोंदवली. घोडदळासाठी साडेसात इंची नळी, ४५ कॅलिबर, सांगाड्याच्या डाव्या बाजूला यू. एस. ही अक्षरं. सरकारी तपासनीस कारखान्यात बसून नग तपासायचे आणि पसंत पडलेल्या भागांवर आपल्या नावाची आद्याक्षरं ठोकायचे. पहिला तपासनीस ऑर्व्हिल एन्सवर्थ. त्याच्या हाताखालून गेलेल्या नगांना आज सर्वाधिक मान आहे. २५ जून १८७६ रोजी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांशी झालेल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत सेनाधिकारी कस्टरच्या सातव्या घोडदळाजवळ जी कोल्टं होती, ती याच सुरुवातीच्या खेपांमधली. त्यानंतर क्लीव्हलँड, नेटलटन, क्लार्क आणि शेवटी रिनाल्डो कार असे तपासनीस आले. प्रत्येकाचा काळ ठरलेला आहे. म्हणजे क्रमांक १८७४ चा आणि नळीखाली अक्षरं डी. एफ. सी., अर्थात १८८० नंतर आलेल्या क्लार्कची, असं दिसलं की दोघांपैकी एक मागाहून आलेला आहे.

इथे एक पेच आहे, आणि तो उलगडताना मला दर वेळी तितकाच आनंद होतो. १८९५ पासून सैन्यानं घोडदळाची जुनी कोल्टं परत मागवली आणि त्यांच्या नळ्या कापून साडेपाच इंचांच्या केल्या. तोफखान्याचा नमुना म्हणून संग्राहक ओळखतात तो हा. सुरुवातीच्या एका छोट्या तुकडीत प्रत्येक नगाचे भाग जपून पुन्हा त्याच नगाला बसवले गेले. पुढे घाई झाली. शेकडो नग खोलायचे, भागांची रास करायची, हाताला येईल तो भाग बसवायचा. त्यामुळे तोफखान्याच्या बहुतेक नगांवर सांगाड्याचा क्रमांक एक, चक्राचा दुसरा, मुठीच्या पट्टीचा तिसरा. इतर कोल्टांत क्रमांक न जुळणं हा दोष मानतात. इथे तोच इतिहास आहे. १८९८ मध्ये थिओडोर रूझवेल्टच्या रफ रायडर्स या स्वयंसेवक घोडदळानं क्युबात नेली ती अशीच जमवलेली कोल्टं. फिलिपिन्समध्ये ३८ कॅलिबरची नवी रिव्हॉल्व्हरं अपुरी पडली, तेव्हा सैनिकांच्या हाती पुन्हा दिली गेली तीही हीच. आणि ज्या तोफखाना नगाचे सगळे क्रमांक जुळतात, तो त्या पहिल्या तुकडीतला दुर्मिळ नग असू शकतो, किंवा गेल्या पन्नास वर्षांत कुणी बसून जुळवलेला असू शकतो. झीज सगळ्या भागांवर सारखी आहे का? आकड्यांच्या ठशाची घडण एक आहे का? नळीचं कापलेलं तोंड आणि त्यावर पुन्हा बसवलेली नेमाची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, कारखान्याच्या सफाईची आहे का? असे प्रश्न एकेक करून विचारावे लागतात.

याच कपातीमुळे अखंड साडेसात इंची घोडदळ नमुना विरळ झाला. सैन्याच्या हिशेबातून जे आधीच बाहेर पडले होते, तेवढेच बहुतांशी वाचले. साहजिकच तोफखान्याच्या नगाला दुसरी लांब नळी बसवून तो घोडदळाचा म्हणून विकण्याचा धंदा पूर्वीपासून चालत आला आहे. अशा वेळी मुठीचं लाकूड उपयोगी पडतं. लाकडावर तपासनिसाचा शिक्का आणि साल दाबलेलं असतं. नळी म्हणते १८७४, आणि लाकडावर कारचा १८९० नंतरचा शिक्का आहे. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, हे उघड झालं.

इतर दुर्मिळ प्रकार थोडक्यात घेतो. शेरीफचा नमुना म्हणतात त्यात काडतुसं काढायचा दांडा नसतो, आणि तो बसवायची जागा सांगाड्यातच मुळी केलेली नसते. खोटा नग बनवणारा दांडा काढतो, भोक बुजवतो, उंचवटा घासतो. पण बुजवलेलं पोलाद भोवतालच्या पोलादासारखा रंग धरत नाही. तिरप्या उजेडात धरलं की जोड दिसतो. सपाट माथ्याचा, निशाणबाजीसाठीचा नमुना हजाराच्या आतच बनला. इंग्लंडमधल्या बिस्लीच्या नेमबाजी मैदानावरून नाव घेतलेला, वाकड्या मुठीचा बिस्ली नमुना मात्र चाळीस हजारांवर निघाला, तेव्हा तो दिसला म्हणून हुरळून जाऊ नये.

लांब खाचांच्या चक्राचा नग मला स्वतःला फार आवडतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कोल्टकडे १८७८ च्या दुसऱ्याच एका नमुन्याची चक्रं शिल्लक पडली होती. कंपनीनं ती वाया जाऊ दिली नाहीत, थोडी बदलून याला बसवली. त्यांच्या अंगावरच्या खाचा नेहमीपेक्षा लांब आहेत. क्रमांक ३,३०,००० च्या थोडे पुढे, एकूण सुमारे १,५०० नग. हिशेबी कारखानदारीतून जन्मलेली ही दुर्मिळता आहे.

फार लांब नळीच्या कोल्टबद्दल मात्र सावध राहा. १९३१ च्या एका चरित्रानं वायट अर्प आणि इतर कायदेरक्षकांना नेड बंटलाइन या लेखकानं बारा इंची नळीची रिव्हॉल्व्हरं भेट दिल्याची कथा पसरवली. कोल्टच्या नोंदींत तिला आधार नाही. लांब नळीचे खरे नग १८७६ च्या सुमाराचे, मोजकेच, २८,८०० च्या जवळच्या क्रमांकांचे आहेत, आणि त्यांना मागची माशी उभी-आडवी करता येते. नुसती लांब नळी ही काही खूण नव्हे. १९५७ मध्ये कोल्टनं बारा इंची नळीचे नवे नग बंटलाइनच्याच नावानं काढले, तेही जुने म्हणून पुढे केले जातात. १९५६ नंतरच्या नगांच्या क्रमांकाला जोडून एस. ए. ही अक्षरं आहेत, ती आधी शोधा.

नेहमीच्या साच्यात न बसणारा प्रत्येक नग खोटा असतो, असंही नाही. कारखाना गिऱ्हाइकाच्या फर्माइशीनुसार काम करायचा. बॅट मास्टरसन या त्या काळच्या नामांकित कायदेरक्षकानं जुलै १८८५ मध्ये डॉज सिटीहून कोल्टला लिहिलेलं पत्र जपलेलं आहे. निकेलचा मुलामा, हलका चाप, नेमाची माशी थोडी उंच आणि जाड, नळी दांड्याएवढीच लांब, असं त्यानं बारकाईनं मागितलं होतं.

अशी फर्माइश खरी की नंतरची करामत, हे ठरवायला कंपनीचं दाखलापत्र मागवतात. पैसे भरून कोल्टच्या अभिलेखागाराकडे क्रमांक कळवला, की जुन्या वहीतली नोंद कागदावर येते : कॅलिबर, नळीची लांबी, मुलामा, पाठवल्याची तारीख, कुणाला पाठवलं, त्या खेपेत किती नग होते. मुठीच्या प्रकारापुढे बरेचदा नोंद नाही असंच लिहिलेलं येतं. पण हे पत्र त्या क्रमांकाबद्दल बोलतं, तुमच्या हातातल्या पोलादाबद्दल नाही. चांगलं पत्र असलेला क्रमांक दुसऱ्या सांगाड्यावर ठोकणारे कारागीर आहेत. म्हणून पत्र वाचून झाल्यावर भिंग घेऊन पुन्हा क्रमांकाकडे यायचं. अंक घासून परत कोरले असतील, तर तिथलं पोलाद किंचित खोलगट झालेलं असतं.

आणि कृपा करून, जुनं कोल्ट कुणाकडे असेल तर त्याला पॉलिश लावू नका. पाणी दिलेल्या सांगाड्यावरचे निळे-तपकिरी ढग राखाडी झाले असतील, नळीची निळाई उडून तांबूस झाली असेल, होऊ द्या. चकचकीत करताना कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांचे काठ बशीसारखे खचतात, अक्षरं उथळ होतात. जो पुरावा वाचून आपण ही सगळी उकल करतो, तोच कापडाला लागून निघून जातो, आणि तो परत बसवता येत नाही.

दुर्मिळ प्रकार नसतानाही एखादं कोल्ट सगळ्यांच्या वर जातं. १८८१ मध्ये शेरीफ पॅट गॅरेटनं बिली द किड या कुप्रसिद्ध गुन्हेगाराला ज्यानं मारलं ते रिव्हॉल्व्हर ऑगस्ट २०२१ मध्ये लिलावात साठ लाख डॉलरच्या वर गेलं. साडेसात इंची नळी, ४४ कॅलिबर, प्रकार म्हणून काही वेगळा नाही. पण ते कुणाकडून कुणाकडे गेलं याची कागदांची साखळी त्याच्याबरोबर होती.

तुमच्यापैकी कुणी कनेटिकटला राहत असाल किंवा मुलांकडे जाणार असाल, तर हार्टफर्डमधल्या राज्य इतिहास संग्रहालयात कोल्ट कारखान्याचा स्वतःचा संग्रह ठेवलेला आहे. काचेजवळ जाऊन आधी दांड्याचं टोक पाहा, मग आसाचा स्क्रू, मग नळीवरची ओळ. सालाची पाटी सर्वांत शेवटी वाचा.

नमस्कार.