डिस्चार्जच्या आधीची बाहुली

चित्रफितीत दिसतेय ती ही बाहुली वॉर्डातलीच, आईबाबांना शिकवण्यासाठीची. तिच्या गळ्याला भोक पाडून सिस्टरांनी त्यात नळी बसवली आहे. समोर बसलेली आई जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरची. तिची १८ महिन्यांची मुलगी मागच्या खाटेवर आहे. तीही अशाच, चार नंबरच्या नळीतून श्वास घेते.

आधी हात धुवायचे. मग सक्शनची, म्हणजे कफ ओढून काढायची, आठ नंबरची बारीक नळी, पेनाने खूण केलीय तिथपर्यंतच आत. ओढायचं ते बाहेर काढताना, आणि सगळं दहा सेकंदांच्या आत. "तेवढा वेळ तिला श्वास घेता येत नाही, ताई," सिस्टर सांगतात. आई पुन्हा करते. नळी जागेवर धरणारी गळ्याभोवतीची फीत बांधल्यावर तिच्याखाली एक बोट जायला हवं. जास्त सैल झाली तर नळी निसटेल.

घरातल्या दोघांनी स्वतःच्या हाताने नळी बदलून दाखवल्याशिवाय या वॉर्डातून घरी पाठवत नाहीत. आज बाबांची पाळी. त्यांचे हात बघा.

आता मुलगी रडतेय. चित्रफितीचा आवाज बंद केलेला नाही. श्वास गळ्यातल्या नळीतूनच बाहेर पडतो, स्वरयंत्रापर्यंत पुरेशी हवा पोचत नाही. म्हणून रडणं ऐकू येत नाही, आणि घरी रात्रभर कुणीतरी जागं लागतं.

डिस्चार्जची पिशवी: चार नंबरची एक जादा नळी, साडेतीनची एक, फिती, कात्री, सलाईन, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी). आणि पायाने चालवायचं सक्शन यंत्र, कारण पाड्यावर वीज जाते. डिस्चार्ज कार्डावर औषधं लिहिली आहेत, पण आईबाबांच्या शिकवणीची नोंद कुठेच नाही. ती असायला हवी. हाही उपचारच आहे, आणि सिस्टर तो ड्यूटीतून वेळ काढून करतात.

पाडा. धूर नको म्हणून चूल पडवीत आणलीय. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे आशाताईंच्या घरभेटी बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत असतात. या मुलीचं वय त्यापुढे गेलंय, आणि गळ्यातली नळी आशाताईंच्या प्रशिक्षणातही नव्हती. तरी या येतात, फीत बघतात, सिस्टरांना फोन लावून देतात.

रात्री जागायला नर्स मिळाली नाही, म्हणून बाबांचं काम सुटलं. मधे एकदा नळी निघाली होती, आईने परत बसवली.

ही दुपार चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशीची. आजी फीत बांधायला शिकतेय. आई तिचं बोट धरून फितीखाली घालून बघते.