निळी पाटी मागायला संकोच कसला?

नमस्कार मंडळी! आज मी एका निळ्या पाटीबद्दल बोलणारे. इथे कॅलिफोर्नियात गाडीच्या आरशाला लटकवतात ना, डिसेबल्ड पार्किंगचं प्लॅकार्ड, तीच. आपल्या घरांतली माणसं ती मागायला फार संकोचतात आणि मला त्याचंच फार वाईट वाटतं.

आमच्या ह्यांना फुप्फुसाचा आजार झाला. हातपाय धड, हातात काठी नाही, काही नाही, पण इंडियन स्टोअरच्या पार्किंगमधून दारापर्यंत जाताना हे मध्येच थांबायचे आणि खिशातून फोन काढून बघत बसायचे. मला वाटायचं व्हॉट्सॅप बघतायत. एकदा जवळ गेले तर फोनची स्क्रीन काळी, फोन चालूच नव्हता, हे नुसते दम खात उभे होते. मी म्हटलं आपण प्लॅकार्ड काढू, तर म्हणाले, "अगं मी काय अपंग आहे का? ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी असतं ते."

तर मंडळी, नियम असं म्हणतच नाही. इथल्या यादीत हार्टचा आजार, रक्ताभिसरणाचा आजार, फुप्फुसाचा आजार असं सरळ नाव घेऊन लिहिलंय, आणि शिवाय चालण्याफिरण्याला ज्याने खरोखर अडथळा येतो असं कुठलंही निदान झालेलं दुखणं त्यात बसतं, म्हणजे कॅन्सरच्या ट्रीटमेंटमध्ये माणूस चार पावलांत गळून जात असेल तर डॉक्टरांशी बोलायलाच हवं. १९९१ च्या फेडरल नियमात तर न थांबता २०० फूट, म्हणजे साधारण ६० मीटर, चालता येतं का असं विचारलंय, आणि न्यू जर्सीसारखी राज्यंही तेच माप धरतात. बघणाऱ्याला तुम्ही आजारी दिसता का, हे कुणीच विचारत नाही.

फॉर्मचं नाव आरईजी १९५, डीएमव्हीच्या, म्हणजे इथल्या वाहन खात्याच्या, साईटवर मिळतो. तुमचा भाग घरीच भरा आणि पुढच्या अपॉइंटमेंटला घेऊन जा, कारण डॉक्टरांचा भाग त्यांनीच भरून सही करायची असते. कायमचं निळं प्लॅकार्ड फुकट असतं. ऑपरेशन वगैरे झालं असेल तर तात्पुरतं लाल मिळतं, त्याला ६ डॉलर, जास्तीत जास्त १८० दिवस.

ते लावलं की अपंगांसाठी राखलेल्या निळ्या जागेत तर गाडी लावता येतेच, पण रस्त्यावरच्या मीटरला पैसे पडत नाहीत आणि हिरव्या कर्बला, म्हणजे फुटपाथची कडा हिरवी रंगवलेली असते आणि इतरांना थोडाच वेळ थांबता येतं तिथे, वेळेची मर्यादा नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. बाजूच्या तिरप्या पट्ट्यांवर मात्र गाडी लावायची नाही हं, तिथे व्हीलचेअर उतरते. आणि प्लॅकार्ड माणसाचं असतं, गाडीचं नाही, म्हणजे मुलाच्या गाडीत बसलात तरी चालतं, पण तुम्ही गाडीत नसताना मुलाने वापरलं तर २५० पासून १००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

शेवटी ह्यांनी फॉर्म भरला, दोन महिने घोळ घालून. पहिल्यांदा निळ्या जागेत गाडी लावली तेव्हा कुणी बघतंय का म्हणून इकडेतिकडे बघत उतरले. मग आत गेले, भाजीपाशी उभे राहिले, आणि कितीतरी दिवसांनी एकेका भेंडीचं टोक मोडून बघत स्वतः अर्धा किलो भेंडी निवडून घेतली.