कोयता एक, माणसं दोन

[पडद्यावर: उसाचा फड, पहाट]

ऊस तोडायचा तो जमिनीला लागून. साखर बुडख्यात जास्त असते, म्हणून बुडखा वर राहिलेला ना शेतकऱ्याला चालतो, ना कारखान्याला. डाव्या हातात ऊस, उजव्या हातात कोयता. एक घाव बुडाशी, मग पाला साळायचा आणि शेवटी शेंड्याचं वाढं छाटायचं. पाल्याच्या कडा ब्लेडसारख्या लागतात, म्हणून या ताईंनी साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवलाय.

नवरा तोडत पुढे सरकतो. त्या मागून ऊस गोळा करतात. हात बघा. मोळी बांधायला दोरी नाही. वाढ्यांना पीळ देऊन त्याचाच बंध केलाय. गुडघा रोवला, बंध आवळला, मोळी तयार. वजन तीस-चाळीस किलो. दिवसभरात दोन टन ऊस तुटला, तर अशा पन्नास-साठ मोळ्या होतात.

ऊसतोड मजुरांची ही टोळी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातून दिवाळीनंतर कोल्हापूर भागात आली. बालाघाटच्या डोंगरातल्या हलक्या जमिनी, पावसावरचं एकच पीक. पाऊस संपला की गावात काम नसतं.

[पडद्यावर: गाव, मुकादमाची वही]

पण हंगामाची खरी सुरुवात होते ती इथे, या वहीत. टोळी जमवणारा मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. नवरा-बायकोच्या जोडीला पन्नास हजारांपासून लाखाच्या वर. लेकीचं लग्न, दवाखाना, आधीचं देणं, यांतच पैसे जिरतात. मग पाच-सहा महिने तोडणी करायची ती घेतलेले पैसे फेडायला. एक दिवस आजारपणात गेला तर खाडा धरतात, आणि खाड्याचे पैसे कापून घेतात. हंगाम संपताना हिशेबात काही अंगावर राहिलंच, तर ते पुढच्या वर्षीच्या उचलीत जातं. कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी असतो. तोडणारा माणूस कारखान्याच्या दप्तरी कामगार म्हणून दिसतच नाही.

आणि वहीतल्या या नोंदीकडे नीट बघा. नाव नवऱ्याचं, पुढे लिहिलंय: एक कोयता. कोयता म्हणजे जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. या ताईंची वेगळी नोंद नाही, आणि त्यांच्या हातात मजुरी म्हणून वेगळा रुपयाही पडत नाही.

[पडद्यावर: रात्र, ट्रकची भरणी]

तोडलेला ऊस वाळला की वजन घटतं, साखरही उतरते. त्यामुळे कारखान्याला तो लवकरात लवकर गव्हाणीत, म्हणजे गाळपाला, हवा असतो. गाडी रात्री अकराला येवो की दोनला, टोळीनं उठायचं. ट्रकला टेकवलेल्या या फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन चढायचं. बाई पोटुशी असली तरी चढते.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. दोन टनांचे ७३२ रुपये, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दोन माणसांनी राबून. त्यानंतर रात्रीची भरणी.

आणि या बायकांच्या शरीराचं काय होतं तेही बघा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली.

[पडद्यावर: सकाळ, खोपींसमोर टोळी]

टोळीतल्या बायकांचं मागणं सरळ आहे. कोयता मोडून माणूस मोजा. कारखान्यानं तोडणाऱ्याचं आणि तोडणारीचं नाव स्वतःच्या दप्तरी घ्यावं, दोघांची मजुरी दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांवर टाकावी. उचल द्यायचीच तर कारखान्यानं द्यावी, बिनव्याजी आणि लेखी. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी टनामागे कारखान्यांकडून पैसे घ्यायचं सरकारनं ठरवलं आहे. उसाचा टन न् टन काट्यावर मोजला जातो, तर तो तोडणाऱ्या बाईची नोंद ठेवणं जमणार नाही असं कसं म्हणता येईल?

दराचा पुढचा करार होईल तेव्हा टनाच्या आकड्याआधी हा विषय चर्चेला घ्या, आणि त्या बैठकीत तोडणाऱ्या बायकांनाही बसायला जागा द्या.