गोमटेश्वराच्या पायाशी

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते भाषा कशी बदलते आणि तिचं मूळ अभ्यासक कसं शोधून काढतात याविषयी. विषय मोठा, वेळ थोडा. त्यात मला आमच्या आईची एक गोष्ट सांगायचीच आहे, म्हणजे विषयाला वेळ आणखी कमी. चालवून घ्या.

आधी थोडी उजळणी. मी शब्द म्हणतो, तुम्ही फक्त कान द्या. संस्कृतात हस्त, प्राकृतात हत्थ, मराठीत हात. सप्त, सत्त, सात. दुग्ध, दुद्ध, दूध. कर्म, कम्म, काम. ऐकू आलं ना? जोडाक्षरातले दोन वेगळे वर्ण आधी एकाच जातीचे झाले, हत्थ. मग त्यातला एक गळला आणि आधीचा स्वर लांबला, हात. पंजाबी माणूस अजून मधल्या पायरीवरच आहे. तो आजही हत्थ म्हणतो, सत्त म्हणतो, दुद्ध म्हणतो.

अभ्यासक शोधतात तो हा नियम. पुन्हा सांगतो, नियम शोधतात, नुसतं सारखेपण नव्हे. फारसीत बद म्हणजे वाईट आणि इंग्रजीत बॅड म्हणजेही वाईट, पण या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही. निव्वळ योगायोग. उलट आपली घरातली सून घ्या. संस्कृतात स्नुषा, रशियनमध्ये स्नोखा, लॅटिनमध्ये नुरुस. लॅटिनचा नुरुस कानाला परका वाटतो, पण लॅटिनचा स्वतःचा ध्वनिबदलाचा नियम लावला की तो बरोबर स्नुषेच्या शेजारी येऊन बसतो. सासूही तितकीच जुनी. संस्कृतात श्वश्रू, लॅटिनमध्ये सोक्रुस. त्यांच्या भांडणाचा पुरावा मात्र अजून कुणाला सापडलेला नाही. विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशानं 1786 साली कलकत्त्यात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघालेल्या असाव्यात, आणि ती मूळ भाषा कदाचित आज उरलेलीही नसेल. पुढची सगळी शास्त्रशुद्ध खटपट त्या वाटेनं झाली. आपल्या मराठीची अशी तपासणी झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानं केली, त्याचा ग्रंथ 1920 साली पॅरिसमध्ये निघाला.

जाता जाता एक बोलून घेतो. कुणी पानी म्हणालं, लोनी म्हणालं की आपल्याकडे शहरी मंडळी हसतात. मला याचा फार राग येतो. अहो, संस्कृतातला मूळ शब्द पानीय. त्यात न आहे! त्याचा ण केला तो प्राकृतानं आणि आपण पुढे चालवला. म्हणजे मुळाशी इमान हाच शुद्धपणा धरला, तर अशुद्ध कोण ठरतं ते तुम्हीच बघा. असो. आईची गोष्ट राहायला नको.

आई चौथी शिकलेली. माहेर नेवाशाकडचं, त्यामुळे ज्ञानेश्वरीचं पारायण दरवर्षी ठरलेलं. सत्तरी ओलांडली तेव्हा एकदा म्हणाली, मला तो मोठा गोमटेश्वर दाखव. म्हणून जैनांच्या बाहुबलीची ती मूर्ती बघायला आम्ही कर्नाटकात श्रवणबेळगोळला गेलो. डोंगरावर चढायला 650च्या आसपास पायऱ्या, त्याही अनवाणी. मी दर शंभर पायऱ्यांना कठड्याला टेकत होतो. आई म्हणत होती, "अरे, बसलास की पाय धरतात. चल."

वाटेतल्या पाट्या बहुतेक कानडीत. आई प्रत्येक पाटीकडे बघायची आणि म्हणायची, "जिलब्या घातल्यात नुसत्या." वर पोचलो. सुमारे 57 फुटांची ती मूर्ती, अखंड दगडातली. आईनं आधी हात जोडले, बराच वेळ वर पाहिलं, मग मान दुखली म्हणून खाली पाहिलं. मूर्तीच्या पायाशी दोन्ही बाजूंना दगडात ओळी कोरलेल्या आहेत. कानडी आहेत, तमिळ आहेत आणि एका बाजूला जुन्या नागरी अक्षरांत आपली मराठी.

मला ते वाक्य शाळेपासून पाठ. मराठीतलं पहिलं वाक्य म्हणून गुरुजींनी घोकून घेतलं होतं. मी आईला सांगणार, तेवढ्यात ती डोळे बारीक करून एकेक अक्षर लावायला लागली. "श्री... चा... पुढचं काय रे?" मी म्हटलं, "वुं. चावुंड." मग पुढचं तिनं माझ्या मदतीनं पुरं केलं. श्रीचावुंडराजें करवियलें.

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. म्हटलं, "आई, ही हजारेक वर्षांपूर्वीची मराठी, आता कुणी असं..." ती मध्येच म्हणाली, "जुनी कसली? ही तर आपली पोथीतली." आणि तिथेच, त्या गर्दीत, तिनं मोठ्यानं म्हटलं, "शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें."

श्रोतेहो, मी गप्पच झालो. चावुंडराजें करवियलें. टीका केली ज्ञानेश्वरें. राजें म्हणजे राजानं, ज्ञानेश्वरें म्हणजे ज्ञानेश्वरानं. संस्कृतात देवेन म्हणायचे, त्यातला शेवटचा न विरत विरत नुसता अनुस्वार उरला आणि देवें झालं. पुढे आपण ने लावायला लागलो, देवाने. व्याकरणाच्या पुस्तकात मी हे परीक्षेपुरतं वाचलं होतं. आईनं दोन ओळी शेजारी शेजारी ठेवल्या आणि सारखा प्रत्यय कानानं पकडला. अभ्यासक तरी वेगळं काय करतात? तो प्रत्यय मेलाय असंही समजू नका. हरि मुखें म्हणा, हे रोज संध्याकाळी कितीतरी घरांत म्हटलं जातं. मुखें, म्हणजे मुखानं.

आईचा पुढचा प्रश्न, "करवियलें म्हणजे यानं दुसऱ्याकडून करवून घेतलं ना? मग ज्यांनी दगड फोडला त्यांची नावं कुठायत?" मी म्हटलं, "नाहीत." "वाटलंच मला," म्हणाली.

तिथे दुसरीही एक ओळ आहे. श्रीगंगराजे सुत्ताले करवियले. चावुंडराय, म्हणजे ओळीतला चावुंडराज, हा गंग घराण्यातल्या राजांचा मंत्री, मूर्ती त्यानं दहाव्या शतकाच्या अखेरीला, 981 ते 983च्या सुमारास करवली. गंगराज हे मात्र एका माणसाचं नाव, तो होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, बाराव्या शतकातला. सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीचा ओवऱ्यांचा परिसर, आणि तो शब्द कानडी आहे, सुत्तालय. आता गंमत बघा. दोन्ही ओळींचं अक्षर सारखं दिसतं, म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की दोन्ही ओळी एकदमच कोरल्या, गंगराजाच्या वेळी. मग पहिलं वाक्य कुठलं? शिलालेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख शके 934 मधला, म्हणजे इसवी सन 1012चा. तो आधीचा ठरतो. गुरुजींना हे सांगायला हवं होतं, पण आता ते नाहीत.

मला विचाराल तर पहिलं वाक्य या शब्दालाच फारसा अर्थ नाही. दगडावर येण्याआधी कितीतरी पिढ्या लोक ती भाषा बोलतच होते, पण त्यांचं कोण कोरणार? मराठीला अभिजात भाषेचा दर्जा 2024 साली मिळाला, पेढे वाटले, चांगलं झालं. मीही खाल्ले. पण वय मोजण्यापेक्षा कान उघडे ठेवण्यात जास्त मजा आहे.

उतरताना आईचे पाय भाजत होते. खाली शहाळीवाला होता. त्यानं आईला बघितलं आणि काहीतरी कानडीत म्हणाला. त्यातला एकच शब्द आम्हाला कळला, अक्का. आई खूश. "बघ, याला मराठी येतं."

मी म्हटलं, "आई, अक्का त्यांचाच शब्द. अण्णासुद्धा. आपण तिकडून घेतले."

आईनं शहाळं संपवलं, तोंड पुसलं. "घेऊन किती वर्षं झाली?"

"शेकडो."

"मग आता आपलेच की. पैसे दे त्याला."