आत्याची पाल

नमस्कार श्रोतेहो.

माझी आत्या साताऱ्याची. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. अंधाराला भ्यायची नाही, कुणाच्या बापाला भ्यायची नाही. पण पाल म्हटलं की पाय लटपटायचे. स्वयंपाकघरात शिरण्याआधी दारावर लाटणं तीनदा आपटायचं, मगच दिवा लावायचा. आम्ही पोरं हसायचो. आज त्याचं वाईट वाटतं.

एका संध्याकाळी तिनं गॅसवर दूध ठेवलं आणि बरोबर शेगडीच्या मागच्या भिंतीवर पाल दिसली. आत्या उंबऱ्यातच थिजली. दूध उतू गेलं, बर्नर विझला, गॅस तसाच सुटत राहिला. वास येत होता, कळत होतं, पण पाय उचलेना. शेजारच्या काकू वासानं धावत आल्या आणि त्यांनी कॉक बंद केला. म्हणजे बघा, पालीनं काहीच केलं नव्हतं. जीव जाता जाता वाचला, आणि ती वेळ आणली भीतीनं.

मग आम्ही तिला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. ते संमोहनाचा वापर करायचे. आत्याला वाटलं, आता लोलक हलवून झोपवणार. तसं काहीच झालं नाही. डोळे मिटायला सांगितले, श्वास संथ करायला सांगितला, अंग सैल सोडायला लावलं. मग म्हणाले, "मनात आणा, पाल आहे, पण लांब, कंपाउंडच्या भिंतीवर. भीती वाढली तर फक्त बोट उचला." बोट उचललं की पाल आणखी लांब. बोट खाली की एक पाऊल जवळ. घरी आल्यावर आत्या म्हणाली, "अरे, मला बाहेरच्या रिक्षाचा हॉर्नसुद्धा ऐकू येत होता!"

हे नीट लक्षात ठेवा. संमोहन म्हणजे झोप नव्हे, आणि तुमचा ताबा दुसऱ्याकडे जातो असंही नाही. स्टेजवरच्या खेळांनी या उपचाराचं फार नुकसान केलंय. आणि भीतीचा विषय निघालाच आहे तर सांगतो: पोरगं जेवत नाही म्हणून "बागुलबुवा आला" सांगणं कृपा करून थांबवा. घास उतरतो, पण भीती आत राहते.

पुढं आत्याला पालीचं चित्र दाखवलं, मग काचेच्या बरणीतली खरी पाल. काही महिने लागले. गेल्या दिवाळीत चकल्या तळताना ट्यूबलाइटखाली पाल आली. आत्यानं वर पाहिलं, "थांब तिथंच," म्हणाली, आणि पुढचा घाणा सोडला.

अशा अवास्तव भीतीला फोबिया म्हणतात. उंची, लिफ्ट, कुत्रा, विमान, इंजेक्शन. घाबरणाऱ्याला बहुतेक वेळा कळत असतं की भीती अवाजवी आहे, म्हणून "घाबरतोस काय" असं रागावून काही होत नाही. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे थोडं थोडं सामोरं जाणं. अमेरिकेत 1924 साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या लहानग्या पीटरला खाऊ देत देत ससा जवळ आणला, तेव्हापासून हे माहीत आहे. थोडं थोडं सामोरं जाणं, हेच खरं औषध. संमोहन त्या पायऱ्या चढायला हात देतं. नुसत्या संमोहनाच्या भरवशावर राहू नका.

अंग सैल सोडण्याला एक अपवाद मात्र आहे. रक्त किंवा सुई पाहून ज्यांना चक्कर येते, त्यांचा रक्तदाब एकदम उतरतो. त्यांनी अंग सैल सोडायचं नाही, उलट हातापायांचे स्नायू घट्ट आवळायचे. तेही आधी डॉक्टरांकडून शिकून घ्या. आणि ज्यांना भास होतात, त्यांनी आपल्या मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय संमोहनाच्या वाटेला जाऊ नये.

उपचार करणाऱ्याची पदवी विचारा, त्यात संकोच नको. कुठं जावं कळत नसेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन आहे. नंबर लिहून घ्या: 14416. पुन्हा सांगतो, एक, चार, चार, एक, सहा.