एकाच पायाने सायकल

श्रोतेहो, नमस्कार. ‘आमच्या घराण्यातच शुगर आहे, चालून काय होणार?’ असं म्हणणारं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतं. त्यांच्यासाठी आज स्टॉकहोमची एक गोष्ट सांगते.

व्यायामाने जनुकांवर काय परिणाम होतो, हे तिथल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांना बघायचं होतं. पण तुलना करणार कुणाची कुणाशी? एकाचं जेवण वेगळं, दुसऱ्याची झोप वेगळी, तिसऱ्याच्या डोक्याला घोर वेगळे. मग त्यांनी 23 निरोगी तरुण-तरुणींना सायकल मारायला बसवलं, तीही एकाच पायाने. हो, एकाच पायाने! दुसरा पाय नुसता स्वस्थ. आठवड्यातून चारदा, पाऊण पाऊण तास, असे तीन महिने. म्हणजे बघा, अन्न तेच, झोप तीच, आईवडिलांकडून आलेली जनुकं तीच. फरक एवढाच, की एक पाय राबला आणि दुसरा राबला नाही. आधी आणि नंतर मांडीच्या स्नायूचा बारीकसा तुकडा काढून तपासला. आपल्या डीएनएवर मिथाइल नावाच्या रसायनाच्या बारीक खुणा असतात, आणि कोणत्या जनुकाने किती काम करायचं हे ठरवण्यात त्यांचा वाटा असतो. राबलेल्या पायात अशा सुमारे 5,000 ठिकाणच्या खुणा बदललेल्या सापडल्या! 2014 साली हे प्रसिद्ध झालं. पुन्हा सांगते, जनुकं बदलली नाहीत. त्यांच्यावरच्या खुणा बदलल्या. आणि त्यातली बरीच जनुकं कशाशी निगडित होती? ऊर्जेचा वापर, इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद आणि शरीरातला दाह यांच्याशी. घराण्यातली शुगर म्हणतो, ती इथेच येते.

साखरेचं म्हणाल, तर काम करणारा स्नायू इन्सुलिनवर अवलंबून न राहताही रक्तातली साखर आत ओढून घेतो. म्हणून जेवणानंतरची शतपावली सोडू नका. शतपावली सोडू नका. आणि शाळांनो, दहावीचं वर्ष आलं की पीटीचा तास गणिताला देऊन टाकता, ते मला मुळीच पटत नाही. मैदान हा मुलांचा हक्क आहे, आणि गावातली मोकळी मैदानं एकेक करून पार्किंगला जाताना बघून जीव तुटतो.

आता प्रतिकारशक्ती. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगजंतूंशी लढणाऱ्या टी पेशी तिथे तयार होतात, आणि तरुणपण सरतं तशी ती आक्रसत जाते. ब्रिटनमध्ये 55 ते 79 वयाच्या, वर्षानुवर्षं सायकल चालवणाऱ्या मंडळींची तपासणी झाली. 2018 मध्ये निष्कर्ष आले: त्यांची थायमस तरुणांइतक्याच नव्या टी पेशी बनवत होती.

अंगात ताप असेल त्या दिवशी मात्र व्यायाम नाही, विश्रांतीच. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. नमस्कार.