छताचा रंग आणि कलम ५५

मंडळी, जुना फ्लॅट बघायला गेल्यावर आपण हवा, उजेड, पार्किंग बघतो. वर मान करून छताकडे फारसं कुणी बघत नाही. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याने सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर मार्चमध्ये बघितलं, जूनमध्ये ताबा घेतला. छत दुधासारखं पांढरं. आषाढ लागला आणि त्यावर पिवळे डाग उमटले, मग पोपडे, मग थेंब, खाली बादली. समोरचे आजोबा म्हणाले, "अहो, हे चार वर्षांचं दुखणं. आधीच्यांनी सोसायटीला तीन पत्रं दिली होती की!"

आता कायदा काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याचं कलम ५५ सांगतं की, विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या ध्यानात येणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. मग तो घराचा असो की मालकीहक्काचा. न सांगणं म्हणजे कपट, असं तेच कलम म्हणतं. डोळ्यांना दिसणारी भेग सांगायची जबाबदारी त्याच्यावर नाही. रंगाखाली दडवलेली ओल मात्र सांगायला हवी. आणि ती तीन पत्रं हाती लागली की "मला कुठे माहीत होतं" म्हणायची सोय उरत नाही.

पण या कलमाची सुरुवात आहे 'विरुद्ध करार नसेल तर'. आणि करारनाम्यात हमखास एक ओळ असते: 'खरेदीदाराने सदनिकेची समक्ष पाहणी केली असून ती समाधानकारक आढळली आहे.' एजंट म्हणतो, साहेब, फॉरमॅटच तसा आहे. आपण सही ठोकतो. वाद झाला की समोरचा वकील सगळ्यात आधी याच ओळीवर बोट ठेवतो. मी तर ती खोडायलाच लावतो; कटकट्या म्हणा हवं तर.

मालकीच्या दोषांत मला जास्त भीती वाटते ती वारशाने आलेल्या घराची. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनीचं नाव चढलं म्हणून तो एकटा मालक होत नाही; नाशिकला दिलेल्या बहिणीचा हिस्सा तसाच असतो. मूळ कागद मागा, ते दाखवणं याच कलमाने बंधनकारक केलंय. 'झेरॉक्स चालेल ना?' असं कुणी म्हणालं, तर मूळ प्रती कर्जापोटी बँकेत आहेत का, ते विचारा.

महारेराचं, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं काय, असं कुणी तरी विचारणारच. बांधकामातल्या दोषाची तिथली पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरची. आपलं राहतं घर विकणारे शेजारचे काका बिल्डर नव्हेत.

म्हणून बयाणा देण्याआधी विचारा, आणि व्हॉट्सअॅपवर विचारा: गळती कधी झाली होती का? सोसायटीला काय काय कळवलंत? स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, काय म्हणतंय? त्या जोडप्यानेही विचारलं होतं, पण तोंडी. मालक हसून म्हणाले होते, "आत्ताच रंग दिलाय, बघा ना!" त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.